सहामजलीच्या भेगेवरची काच

एका गुरुवारी सकाळी मी ऑफिसातल्या चहाच्या कपाटातून उलथनं काढलं, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात गेले आणि भिंतीवर चिकटवलेल्या तीन काचेच्या पट्ट्या खरवडून काढल्या. वय वर्षं त्रेपन्न. दोन्ही लेकींची लग्नं झालेली, एक नात पाळण्यात. म्हणजे पोरकटपणाला वयाचं निमित्तही उरलं नव्हतं. लिफ्ट सांभाळणारे रज्जाकभाई खालून ओरडले, "आपा, इंजिनेर साब के हात का है वो. छेडो नक्को!" मी म्हटलं, "तुम्ही लिफ्ट बघा." तीनपैकी एक पट्टी काढताना मधोमध मोडली. मोडू दे. भिंत पुसली, त्या जागी नवंकोरं कॅलेंडर टांगलं आणि दोन पावलं मागं सरून स्वतःचंच कौतुक केलं. कशी झकास दिसते आता!

त्या बाईची आणि माझी आज गाठ पडली तर मी तिच्या हातातलं उलथनं काढून घेईन आणि त्याच उलथन्यानं तिच्या पाठीत एक ठेवून देईन.

मी काय काम करायचे ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा मी दलाली करते असंच वाटायचं. दलाल जागा दाखवतो आणि मोकळा होतो. मी मालकांची पगारी बाई. एका इमारतीतल्या जागा ऑफिसांना भाड्यानं द्यायच्या, करार करून घ्यायचे, आणि मग त्या माणसांशी वर्षानुवर्षं नांदायचं. नळ गळतो, शेजारचा मोठ्यानं बोलतो, पाटी कुणाची वर लागली, सगळं माझ्याकडं. लग्न जमवणारी आणि सासू, दोन्ही एकाच पगारात.

इमारत लातूरच्या बाजारातल्या गंजगोलाई चौकापासून हाकेच्या अंतरावर. तळमजला धरून सहा मजले, म्हणून नाव सहामजली. मुंबईच्या माणसाला हसू येईल, पण बांधली तेव्हा आमच्या भागात तिच्याएवढं उंच दुसरं काही नव्हतं. लिफ्ट बघायला औशाहून माणसं यायची. लिफ्टमध्ये शिरताना चपला बाहेर काढायची आणि पाचव्या मजल्यावर अनवाणी उतरायची. मग किल्लारीचा भूकंप झाला. सहामजलीची एक वीटसुद्धा पडली नाही, पण आदल्या संध्याकाळी खाली उतरलेली माणसं परत वर चढली नाहीत. वरचे चार मजले पुढं वीस वर्षं पारव्यांनी वापरले. भाडं न देता.

मालक मन्मथअप्पा यांनी शेवटी मनावर घेतलं. खांबांना लोखंडी अंगरखे घातले, जिना रुंद केला, सागवानी खिडक्या घासून पुसून तशाच ठेवल्या, नवी लिफ्ट बसवली. आणि मजले भरायचं काम मला दिलं. मी त्यांच्या आडत दुकानात फोन उचलायचे आणि चिडलेल्या माणसाला गोड बोलून परत पाठवायचे, तेवढीच माझी लायकी.

या धंद्यात गिऱ्हाईक काय बोलतं यापेक्षा कुठं बघतं ते महत्त्वाचं. पुण्याचं गिऱ्हाईक खिडकीतून बाहेर बघतं. हैदराबादचं, गाडी कुठं लावायची ते बघतं. लातूरचं गिऱ्हाईक आधी जिना बघतं. तोंडानं दुसरंच काही बोलत असतं, पण ओठ हलतात, पायऱ्या मोजणं चाललेलं असतं. वर पोचलं की दारापाशीची खुर्ची धरतं. मग विचारतं, "बोअरला पानी हाय का?" आणि शेवटी म्हणतं, "भाडं जरा जास्त वाटायलंय." पहिली दोन वर्षं मी भोळी भाडं कमी करत बसले. तरी कुणी येईना. अडचण भाड्याची नव्हतीच. मग मी भाड्याचं बोलणं सोडलं आणि हातात घड्याळ घेऊन गिऱ्हाईकाबरोबर चौथ्या मजल्यावरून धावत खाली यायला लागले. "बघा, मला साडीत एवढाच वेळ लागला. तुम्ही तर पँटीत आहात." अशा धावण्यावर मी अर्धी इमारत भरली. गुडघे गेले ते त्यातच.

नमुने तर इतके भेटले! दुसऱ्या मजल्यावरची सगळ्यात लहान खोली एका निवृत्त हेडमास्तरांनी घेतली. करारात व्यवसाय काय लिहू, विचारलं. "सल्लागार लिहा."

"कशाचे?"

"ते अजून ठरलेलं नाही."

घरी बसलं की बायको भाजी निवडायला लावते, एवढंच त्यांचं दुःख. रोज दहाला यायचे, पेपर वाचायचे, दुपारी खुर्चीतच डुलकी काढायचे. सहा महिन्यांनी त्यांची बायको डबा द्यायला आली, खोली नीट न्याहाळली आणि जाताना माझ्या कानाशी लागली, "आक्का, शेजारची रिकामी हाय का वो?"

तर अशी इमारत भरत आली. राहिला पाचवा मजला. आणि तिथं आली संघमित्रा.

सत्ताविशीची मुलगी, मूळची किल्लारीची. मुंबईत शिकून आलेली. ऐकू न येणाऱ्या लहान लेकरांची तपासणी करायची, त्यांना बोलायला शिकवायचं, हे तिचं काम. चौरस फूट न विचारणारं ते माझं पहिलं गिऱ्हाईक. तिनं पिशवीतून आवाज मोजायचं यंत्र काढलं आणि तळमजल्यापासून एकेका खोलीत ते धरून उभी राहिली. मला म्हणाली, "मॅडम, श्वास हळू घ्या." मी जन्मात पहिल्यांदा कुणासाठी तरी गप्प उभी राहिले.

खाली टेम्पो, हातगाडे, भोंगे. दुसऱ्या मजल्यावर तेच. तिसऱ्यावर थोडं कमी. पाचव्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत ती दारापाशीच्या खुर्चीत बसून बराच वेळ आकड्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "गावात सगळीकडं फिरले. घरं बघितली, दवाखाने बघितले. शांत जागा गावाबाहेर मिळते, पण खेड्यातनं लेकरू घेऊन एसटीनं आलेली बाई तिथं पोचणार कशी? बाजारात असूनही एवढी शांत ही एकच खोली आहे."

मी लगेच करार काढला. तिनं हात आखडला. "आई हो म्हणाली तर."

तिची आई गयाबाई. भूकंपाच्या पहाटे घरातली चार माणसं गेली. ढिगाऱ्यातून निघाल्या त्या गयाबाई आणि त्यांच्या पोटाशी धरलेली ही. पुढं मजुरी करून लेकीला शिकवलं. गयाबाई आजही नव्या गावठाणातल्या एकमजली घरात राहतात. भूकंपानंतर त्या कधी जिना चढल्या नव्हत्या. लेकीच्या पदवीच्या समारंभाला मुंबईला गेल्या, पण हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे कळल्यावर खाली फाटकापाशी बसून राहिल्या.

"मी वर काम करणार आणि ती खाली रस्त्यावर उभी राहून वर बघत बसणार," संघमित्रा म्हणाली. "मग मला लेकराचा आवाज ऐकू येईल की तिची धास्ती?"

गुरुवारी आई येते म्हणाली. आणि म्हणून गुरुवारी सकाळी उलथनं.

त्या पट्ट्यांचं काम सोपं असतं. जुन्या भिंतीला भेग असेल तर ती अजून वाढते आहे की कधीची थांबली आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून भेगेवर आडवी काच ठेवून दोन्ही टोकं पांढऱ्या सिमेंटनं पक्की चिकटवतात. भिंत केसभर जरी हलली तरी काच मोडते. काच साबूत म्हणजे भेग मेलेली. नांदेडहून पाठकसाहेब म्हणून इंजिनिअर दर महिन्याला फक्त त्या काचा बघायला यायचे. नऊ महिने झाले होते. वर्ष भरलं की पाचवा मजला वापरायला त्यांची लेखी परवानगी मिळणार होती. हे सगळं मला त्यांनी समजावून सांगितलं होतं, आणि मी मान डोलावत दुपारच्या डब्यात काय आहे याचा विचार करत होते.

गयाबाई आल्या. किरकोळ अंगाची, पांढऱ्या साडीतली बाई. "जयभीम बाई," म्हणाल्या आणि भिंतीला हात लावत लावत चढायला लागल्या. एक मजला. दुसरा. लेकीनं माझ्याकडं बघितलं, तिचे डोळे भरून आलेले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर गयाबाई थांबल्या.

"बाई, जिन्यात कॅलेंडर कोन बघतंय?"

मी म्हटलं, "शोभेला."

त्यांनी कॅलेंडर एका बोटानं बाजूला सारलं. खाली भेग, आणि भेगेच्या दोन्ही अंगांना खरवडलेले सहा पांढरे डाग. त्यांनी त्यावरून हात फिरवला.

"आमच्या गावात ज्या भिंती उभ्या ऱ्हायल्या, त्याला लावल्या व्हत्या असल्या काचा. सायब यायचे बघाया. हितली काच कुठं हाय?"

बावीस वर्षं गोड बोलण्याचा पगार घेतला आणि ऐनवेळी तोंडातून निघालं काय, तर "साफसफाईत गेली."

"भेग हाय म्हनून मी भ्याले नसते, बाई," त्या म्हणाल्या. "तू झाकलीस म्हनून भ्याले. चल गं संघे."

संघमित्रा माझ्याकडं न बघता आईमागोमाग उतरली. ते जास्त लागलं.

शहाणी बाई इथं थांबली असती आणि सगळं कबूल केलं असतं. पण तेव्हाची मी शहाणपणात कधी अडकून पडले नाही. शनिवारी मी टेबलाच्या खणातल्या पट्ट्या काढल्या आणि गोंदानं परत जागच्या जागी चिकटवल्या. मोडलेलीसुद्धा, दोन्ही तुकडे नीट जुळवून. रज्जाकभाई शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "आपा, बिर्याणी जलने के बाद ऊपर कोथमीर डालरे तुम." मी म्हटलं, एवढं कोण बघतंय जवळून?

ज्याचा तोच धंदा आहे तो बघतो. सोमवारी पाठकसाहेब आले, जिन्यात गेले आणि खाली आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याला रंग नव्हता. त्यांनी माझ्या टेबलावरून अप्पांना फोन लावला. "मधली काच मोडली आहे. भिंत हलतेय. तिसऱ्याच्या वरचं सगळं आत्ता रिकामं करा."

इमारतीत बातमी कशी पसरते ते बघायचं असेल तर लातूरला या. त्यांनी फोन ठेवायच्या आत जिन्यावर पावलं वाजायला लागली. टंकलेखनाच्या मुली, विम्याचे एजंट, चष्मेवाला, आमचे हेडमास्तर एका पायात चप्पल घालून. सगळे रस्त्यावर. कुणी घरी फोन करतंय, कुणी रडतंय. एक बाई माझा हात धरून म्हणाली, "आक्का, तुमच्या भरवशावर आलो व्हतो वो आमी."

मग मात्र माझं मलाच सहन होईना. सगळ्यांच्या मधोमध, अप्पांची गाडी येऊन उभी राहिली असताना, मी म्हणाले, "भिंत नाही हलली. काच मी मोडली. उलथन्यानं."

पाठकसाहेबांनी चष्मा काढला. "कशानं?"

"उलथन्यानं."

शांतता अशी पसरली की संघमित्रानं यंत्र लावलं असतं तर रस्त्यावरच तपासणी झाली असती. मग रज्जाकभाई हसले, त्यांच्यामागं चष्मेवाला, आणि बघता बघता अर्धा रस्ता हसायला लागला. भीती उतरते तेव्हा माणसं कशालाही हसतात. पाठकसाहेब तेवढे हसले नाहीत. "बाई, नऊ महिने भिंत मला काहीतरी सांगत होती. तुम्ही तिचं तोंड दाबलंत. आता पहिल्यापासून. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्याशिवाय मी सही करणार नाही."

अप्पांनी मला कामावरून काढलं नाही. का, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारून त्यांना आठवण कशाला करून द्या?

मी औशाच्या एसटीत बसले, औशाहून जीपनं किल्लारीला गेले आणि गयाबाईंच्या ओसरीत बसून पुन्हा एकदा उलथन्याची कथा सांगितली. माफी मागितली. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, "नव्या काचा लावल्या का? मग मी येऊन बघीन. तुझ्या तोंडचं न्हाई ऐकायचं मला."

आणि त्या खरंच यायच्या. दर पंधरा दिवसांनी, बाजाराच्या पिशवीसकट. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायच्या, तिन्ही काचांवरून बोट फिरवायच्या आणि उतरायच्या. वर कधी गेल्या नाहीत. संघमित्रा तोवर दुसऱ्यांच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस बसायची, आणि गर्दीच्या आवाजात तपासणी चुकते म्हणून आलेली निम्मी लेकरं परत पाठवायची. इकडं नांदेडचे एक क्लासवाले पाचवा मजला सबंध मागत होते, परवानगी मिळाली की दुसऱ्या दिवशी बाकडी टाकायला तयार. अप्पा म्हणायचे, "आक्का, हातचं गिऱ्हाईक सोडून तुम्ही त्या पोरीसाठी जागा अडवून बसलाव." मी म्हणायचे, "अप्पा, उन्हाळा सरू द्या." किती गिऱ्हाइकांना मी घाई केली असेल माझ्या नोकरीत! त्या वर्षी थांबायला शिकले, तेही शिक्षा म्हणून.

पावसाळा गेला, काचा साबूत. हिवाळा गेला. उन्हाळ्याचे शेवटचे वीसेक दिवस राहिले होते.

एके दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला माझ्या टेबलावरचा पाण्याचा पेला किणकिणला. खुर्ची खालून कुणी तरी ढकलल्यासारखी झाली. दोन-तीन सेकंद, बस्स. असले लहान धक्के आमच्या भागात अधूनमधून येतात, पेपरात दोन ओळी छापून येतात. पण त्या दोन-तीन सेकंदांत सहामजली रिकामी झाली. मीही रस्त्यावर. हातात पर्स नाही, पेन तेवढं होतं.

फोन वाजला. गयाबाई.

"काच बघितलीस का?"

"अजून नाही. सगळे खाली आलोत."

"जा बघ."

आता खरं सांगते, माझे पाय जिन्याकडं वळेनात. ज्या जिन्यावरून शंभर वेळा घड्याळ लावून धावले, लोकांना म्हणाले बघा किती सोपं आहे, त्याच्या पहिल्या पायरीशी मी उभी. तेव्हा कळलं, लातूरचं गिऱ्हाईक पायऱ्या का मोजतं ते. रज्जाकभाई म्हणाले, "मैं आऊं क्या, आपा?" मी म्हटलं, नको. मोजत मोजत चढले. फोन कानाला, पलीकडं गयाबाईंचा श्वास.

पहिली काच साबूत. दुसरी साबूत. तिसरीवर धूळ होती, पदरानं पुसली. साबूत.

मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. फोनमध्ये म्हणाले, "तिन्ही चांगल्या आहेत हो गयाबाई."

"खरं सांगायलीस?"

"खरं."

"तरी येते मी."

दुपारच्या एसटीनं आल्या. इमारतीत तोवर चार माणसंसुद्धा परतली नव्हती. लेक फाटकाशी वाट बघत होती. तिला म्हणाल्या, "तू थांब हितं," आणि मला खूण केली. आम्ही दोघी चढलो. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी पहिली काच बघितली, दुसरी बघितली, तिसरी बघितली. नखानं टोकाचा सिमेंटचा गोळा उकरून बघितला, मी परत चिकटवली तर नाही ना याची खात्री केली. अगदी बरोबर केलं.

मी नेहमीप्रमाणं खाली वळले. त्या वर निघाल्या.

चौथा मजला. पाचवा. मागच्या खोलीत एक रिकामी खुर्ची होती. संघमित्रा पहिल्या दिवशी बसली होती तीच. गयाबाईंनी ती दाराजवळून उचलली, खिडकीशी नेली, तिच्यावर बसल्या आणि सागवानी झडप उघडली. खाली छपरांपलीकडं गोलाई, तिला फुटलेले सगळे रस्ते, माणसं परत दुकानं उघडत असलेली. मी दारात उभी राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. जिन्याखालून संघमित्राची हाक आली, "आई, काय झालं?"

पुढं उन्हाळा सरला, पाठकसाहेबांची सही झाली, क्लासवाल्यांना मी तळमजल्यामागची जागा दिली, आणि पाचव्या मजल्यावर लेकरं येऊ लागली. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पण मला विचाराल तर तो करार त्या दुपारीच झाला. मी गयाबाईंना म्हटलं होतं, "चला, लेक घाबरली असेल, उतरू या आपण." तेव्हा खिडकीतून तोंड न वळवता त्या मला म्हणाल्या,

"तू जा, तिला सांग आई बसलीया म्हनून. मी थांबते हितं जरा. लई वर्सांनी वरून गाव बघायलेय."